वाळूतल्या तिरप्या रेघा मुलांना वाचू द्या

फिनिक्स, लास व्हेगस, पाम स्प्रिंग्ज किंवा त्यांच्या आसपास राहणाऱ्या मराठी आईबाबांना एक विनंती आहे. घरात तीन ते सात वर्षांचं मूल असेल, तर त्याला साइडवाइंडर या सापाची ओळख करून द्या. ओळख करून द्यायची म्हणजे साप हातात द्यायचा नाही, मुलाला त्याच्या जवळ न्यायचं नाही आणि पाळण्याचा तर विचारही करायचा नाही. हा आपला शेजारी आहे, तो असा दिसतो, असा चालतो, आणि तो दिसला की आपण असं वागतो, इतकं मुलाला ठाऊक झालं की पुष्कळ झालं.

आपल्याकडे सापाबद्दल मुलांना बहुधा दोनच गोष्टी शिकवल्या जातात. नागपंचमीला पाटावर काढून त्याला हळदकुंकू वाहायचं आणि एरवी दिसला की काठी शोधायची. दोन्हींत साप बघायचा राहून जातो. ही सवय आपण सामानाबरोबर अमेरिकेतही आणतो. घर घेताना शाळा बघतो, भारतीय दुकान किती लांब आहे ते बघतो. परसातल्या भिंतीपलीकडे वाळवंट सुरू होतं आणि त्यात कोण राहतं, याची चौकशी कोणी करत नाही. मग एखाद्या संध्याकाळी शेजारचा माणूस सांगतो, काल रात्री इथे रॅटलस्नेक होता. त्या दिवसापासून मुलांचं बाहेर खेळणं बंद.

खरं सांगायचं तर फिनिक्सकडे वस्तीतल्या अंगणात दिसणारा रॅटलस्नेक पुष्कळदा वेस्टर्न डायमंडबॅक ही मोठी जात असते. साइडवाइंडरही रॅटलस्नेकच, पण त्याला मोकळी, सैल वाळू आवडते. मोहावी आणि सोनोरा वाळवंटांचा सखल, रेताड भाग हे त्याचं घर: कॅलिफोर्नियाचा आग्नेय कोपरा, नेवाडाचं दक्षिण टोक, यूटाचा जरासा तुकडा, अ‍ॅरिझोनाचा पश्चिम आणि नैर्ऋत्य भाग, आणि सीमेपलीकडे मेक्सिको. मग डायमंडबॅक सोडून मी याचंच नाव का घेते? कारण लहान मुलांना सापांच्या जगात न्यायला याच्याइतका चांगला वाटाड्या नाही. हा साप न दिसताही दिसतो. तो वाळूवर लिहून ठेवतो.

म्हणून सुरुवात सापापासून करू नका, त्याच्या मागावरून करा. मार्च-एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये, ऊन चढायच्या आत, मुलाला वाळूच्या टेकड्यांवर घेऊन जा. मोहावी नॅशनल प्रिझर्व्हमधले केल्सो ड्यून्स त्यासाठी उत्तम, डेथ व्हॅलीतले मेस्किट फ्लॅटचे ड्यून्सही चांगले. वारा सुटण्यापूर्वीची वाळू म्हणजे रात्रीच्या रोजनिशीचं पान असतं. त्यावर काळ्या भुंग्यांची बारीक टाक्यांची शिवण असते, सरड्याची पावलं आणि मधोमध शेपटीची ओढ असते, कांगारू उंदराच्या उड्या असतात. या गर्दीत एखाद्या वेळी सुट्या सुट्या तिरप्या रेघा दिसतात. एकीला दुसरी चिकटलेली नाही, सगळ्या एकमेकींना समांतर, एका टोकाला आकड्यासारखं वळण. असं वाटतं की कोणी वाकडी काठी जागोजाग दाबत गेलं आहे. प्रत्येक रेघ जवळपास सापाच्या लांबीची असते. वाळू बारीक असेल तर पोटाच्या आडव्या खवल्यांचे ठसेही उमटलेले असतात.

इथे लगेच उत्तर सांगू नका. मुलाला विचारा, हा प्राणी उडी मारतो का? पाय किती असतील? रेघा तुटक का? चार वर्षांची मुलं यावर अशी उत्तरं देतात की आपण थक्क व्हावं. मग सांगा, की याला पाय नाहीत आणि तो उडीही मारत नाही. तो अंगाचा थोडासाच भाग वाळूवर टेकवतो, बाकीचं अंग उचलून पुढच्या जागी ठेवतो, मग ते टेकवून मागचं उचलतो. टेकलेला भाग घसरत नाही, म्हणून रेघ फरफटलेली दिसत नाही. साप डोकं एका दिशेला ठेवून जातो मात्र तिरपा.

घरी आल्यावर हाच प्रयोग परातीत करता येतो. परातीत रवा पसरा आणि मुलांच्या खेळण्यातली प्लास्टिकची किंवा तारेची स्प्रिंग थोडी ताणून त्यावरून आडवी लोळवा. रव्यावर सुट्या तिरप्या रेघा उमटतात. साप काही स्प्रिंगसारखा गोल गोल फिरत नाही, त्याचं पोट कायम खालीच असतं, हेही सांगा. नाहीतर मूल साप लोळत जातो असं समजून बसेल. पण अंगाचे तुकडे आळीपाळीने टेकतात ही गोष्ट हाताला कळते. नंतर रव्याचा शिरा करा, म्हणजे वाया गेला असं आजी म्हणणार नाही.

थोड्या मोठ्या मुलांना यंत्रमानवाची गोष्ट आवडते. जॉर्जिया टेक, कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि अटलांटाचं प्राणिसंग्रहालय इथल्या संशोधकांनी वाळूचा उतार बनवून त्यावर साइडवाइंडर सोडले. चढ जितका तीव्र, तितका हा साप अंगाचा जास्त भाग वाळूला टेकवतो, असं त्यांना दिसलं. त्याच्या नात्यातल्या इतर सापांना तसल्या वाळूवर चढता आलं नाही. कार्नेगी मेलनमध्ये एक सापासारखा यंत्रमानव होता. तोही वाळूच्या चढावर अडत होता. त्याला ही युक्ती शिकवल्यावर तो चढला. हे संशोधन २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. मुलांना यात सर्वांत गंमत वाटते ती ही, की एवढे शिकलेले लोक सापाकडे शिकवणीला गेले.

प्रत्यक्ष साप दाखवायचा तो काचेआड. टूसॉनचं अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम आणि पाम डेझर्टचं लिव्हिंग डेझर्ट या दोन्ही जागा वाळवंटातल्या जीवांसाठीच आहेत. गेल्यावर गडबड करू नका. साइडवाइंडर दिवसा बहुधा पडून असतो, अर्धा वाळूत रुतलेला, चकलीसारखा गुंडाळलेला. मूल म्हणेल, हलत नाही, मेलाय का? काचेवर टकटक करू देऊ नका. त्याऐवजी त्याला कामाला लावा: डोळे शोध, शिंगं शोध, शेपटीचं टोक शोध. त्याचा रंग वाळूत इतका मिसळतो की ते शोधणंच मोठं काम होतं, आणि या शोधण्यातूनच मुलाला पुढे उपयोगी पडणारी खरी गोष्ट कळते: साप समोर असूनही दिसत नाही.

शिंगं म्हणजे डोळ्यांवरचे उभे राहिलेले खवले. ती कशासाठी, यावर जाणकारांची वेगवेगळी अनुमानं आहेत. कोणी म्हणतं वाळूपासून डोळ्यांचा बचाव, कोणी म्हणतं उन्हाची झापड. मुलालाही त्याचं अनुमान करू द्या. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे एक खळगा असतो, त्याने सापाला उष्णता जाणवते. अंधारात उंदराचं ऊबदार अंग त्याला त्यामुळे कळतं. मोहावी वाळवंटातच, चायना लेक इथल्या अमेरिकी नौदलाच्या तळावर, उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र बनलं आणि त्याला याच सापाचं नाव दिलं. ही माहिती बाबांना जास्त आवडते, असा माझा अंदाज आहे.

शेपटीच्या खुळखुळ्याबद्दल मुलांना दोन गोष्टी नीट सांगा, कारण मोठ्यांनाही त्या चुकीच्या माहीत असतात. त्यात मणी किंवा दाणे नसतात. आपल्या नखासारख्या पदार्थाची पोकळ कडी एकात एक अडकलेली असतात आणि शेपटी थरथरली की ती एकमेकांवर आपटतात. प्रत्येक वेळी कात टाकली की एक कडं वाढतं. कात वर्षात एकापेक्षा जास्त वेळा टाकली जाते आणि जुनी कडी तुटूनही पडतात, तेव्हा कडी मोजून वय सांगता येत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रॅटलस्नेक दरवेळी आवाज करतोच असं नाही. ‘आवाज आला नाही म्हणजे साप नाही’ असं मुलाच्या डोक्यात बसलं, तर न सांगितलेलं परवडलं.

पिल्लांची गोष्ट मात्र रात्री झोपताना सांगण्यासारखी आहे. साइडवाइंडर अंडी घालत नाही, त्याला पिल्लंच होतात, साधारण पाच ते अठरा. जन्मल्यानंतरचे काही दिवस, पहिली कात टाकेपर्यंत, ही पिल्लं बिळातच राहतात. दिवसा ती बिळाच्या तोंडाशी एकमेकांच्या अंगावर गोळा होऊन बसतात. ऊन वाढलं, कमी झालं, की तो गोळा आतबाहेर सरकतो आणि सगळ्यांचं अंग हवं तितकं गरम राहतं. आई त्या काळात बिळाजवळ असते. कात टाकली की पिल्लं एकेक करून निघून जातात. ती सरडे खातात, आणि शेपटीचं टोक अळीसारखं वळवळवून सरड्याला जवळ बोलावतात. मोठेपणी मग कांगारू उंदीर आणि इतर छोटे उंदीर. अ‍ॅरिझोनातल्या यूमा भागात रात्री अतिवेगवान कॅमेरे लावून संशोधकांनी ही झटापट टिपली आहे: साप झेपावतो, उंदीर हवेत उडतो आणि उडता उडता मागच्या पायांनी सापालाच लाथ हाणतो. सापाची झडप पुष्कळदा फुकट जाते. हे ऐकून मुलं उंदराच्या बाजूने टाळ्या वाजवतात. वाजवू द्या. साप खलनायक नाही हे पटवायला तोच प्रत्येक वेळी जिंकला पाहिजे असं थोडंच आहे?

आता भीतीबद्दल. लहान मुलांना सापाची भीती उपजत असते, असं आपण धरून चालतो. व्हर्जिनिया विद्यापीठात ज्यूडी डीलोच आणि व्हनेसा लोब्यू यांनी यावर काम केलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना फुलांच्या चित्रांतला साप चटकन सापडतो, असं त्यांना २००८ मध्ये आढळलं. म्हणजे नजर सापाकडे लवकर जाते. पण त्याहून लहान बाळांना सापांची चित्रफीत नुसती दाखवली, तर ती घाबरली नाहीत. सोबत घाबरलेल्या माणसाचा आवाज ऐकवला तेव्हा मात्र ती सापाकडे जास्त वेळ बघत राहिली. माझा त्यावरून काढलेला अर्थ साधा आहे. नजर मूल घेऊन येतं, घाबरायचं की नाही ते आपल्या आवाजावरून ठरवतं. तुम्ही किंचाळलात तर तेही तेच शिकणार आहे.

म्हणून ‘झोप, नाहीतर साप येईल’ ही धमकी आजपासून बंद करा. रबरी साप अंगावर टाकून मुलाला दचकवणारा एखादा काका प्रत्येक घरात असतो; त्याला बाजूला घेऊन सांगा. भेदरलेलं मूल साप दिसल्यावर एकतर जागच्या जागी थिजतं किंवा कुठेही पळत सुटतं, आणि वाळवंटात न बघता पळणं हाच धोका आहे. पळताना साप चावण्यापेक्षा चोया निवडुंगाचा गोळा पायात घुसण्याची शक्यता खूप जास्त. ते काटे एकदा काढावे लागले की पुढच्या सहलीत मुलं आपोआप बघून चालतात.

दुसरं टोकही तितकंच वाईट. फोनवर सापाचं चुंबन घेणारे, नाग गळ्यात घालणारे, शेपटी धरून नाचवणारे व्हिडिओ येतात. त्यात आपल्याकडचे काही स्वतःला सर्पमित्र म्हणवणारेही असतात. हे व्हिडिओ मुलांसोबत बघू नका, कौतुकाने तर मुळीच नाही. पाच वर्षांच्या मुलाला त्यातून इतकंच कळतं की शूर माणसं साप धरतात. आपल्याला त्याला सांगायचं आहे की जाणकार माणसं साप धरत नाहीत, आणि ज्यांना कामासाठी धरावाच लागतो ती आकडे, नळ्या आणि पेटी घेऊन येतात.

साप दिसल्यावर काय करायचं, हे मुलाच्या अंगवळणी पडायला हवं; नुसतं सांगून भागत नाही. दिसला की आधी जागेवर थांब. तो कुठे आहे ते बघ. मग त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सर, बाबांची पाच मोठी पावलं होतील इतकं. मग मोठ्याने सांग. घरात दोरीचा तुकडा ठेवून हा खेळ खेळा, कधी सोफ्याखाली, कधी दारात. मूल विसरून धावलं तर हसून पुन्हा करा. दगड मारायचा नाही, काठीने ढोसायचं नाही, फोटोसाठी पुढे जायचं नाही, आणि हा नियम बाबांनाही लागू. मेलेल्या सापालाही हात लावायचा नाही. तोडलेलं डोकंदेखील काही वेळ चावू शकतं. राष्ट्रीय उद्यानांत वन्यजीवांना त्रास देणं कायद्याने गुन्हा आहे, हे सहलीत आघाडीवर असणाऱ्या उत्साही मंडळींनी लक्षात ठेवलेलं बरं.

बाकी सवयी साध्या आहेत. वाळवंटात चपला नकोत, घोटा झाकणारे बूट हवेत. दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, झुडपाच्या बुंध्याशी बसायचं नाही, कारण क्रिओसोटच्या झुडपाच्या सावलीत वाळूत रुतून बसणं हा साइडवाइंडरचा नेहमीचा शिरस्ता. उन्हाळ्यात तो रात्री हिंडतो, तेव्हा अंगणातही टॉर्चशिवाय पाऊल नको. आणि जून ते ऑगस्ट दिवसा लहान मुलांना वाळवंटात नेऊच नका. तिथे सापाच्या आधी ऊन गाठतं. अंगणात साप आला तर मुलं आणि कुत्रा घरात घ्या, लांबून नजर ठेवा आणि स्थानिक अग्निशमन दलाला किंवा साप हलवून देणाऱ्यांना बोलवा. त्यांचा नंबर आजच शोधून ठेवा.

चावलाच तर? साइडवाइंडर लहान, त्याचं विषही मोठ्या रॅटलस्नेकांच्या मानाने थोडं; पण लहान मुलाच्या बाबतीत या दिलाशावर अर्धा तासही घालवू नका. ९११ ला फोन करा. मुलाला मांडीवर घेऊन शांत ठेवा, चालवू नका. वाळे, बांगडी, अंगठी, बूट लगेच काढा, कारण सूज चढते. जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायचं नाही, बर्फ लावायचा नाही. साप पकडून न्यायची गरज नाही. अमेरिकेत रॅटलस्नेकांच्या विषावरचं औषध सगळ्या जातींना चालतं. हे औषध मुलाच्या वजनावर मोजून कमी देत नाहीत, कारण अंगात गेलेलं विष मूल लहान म्हणून कमी झालेलं नसतं. डॉक्टरांनी मोठ्या माणसाइतकं औषध दिलं म्हणून वाद घालू नका. विषबाधेच्या सल्ल्यासाठी १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

अमेरिकेत वर्षाला सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात, मरतात साधारण पाच. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. हे आकडे मुद्दाम शेजारी ठेवते आहे, कारण सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा सापाचं नाव काढताच चिडतात आणि आपण त्यांना जुन्या वळणाचे म्हणून मोकळे होतो. त्यांची धास्ती उगाच नाही. रात्री अनवाणी गोठ्यात जाणं, भाताची कापणी, दवाखाना दोन डोंगरांपलीकडे, यातून ती आलेली आहे. आजोबा रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे असतील तर त्यांच्या आठवणीत फुरसं हा विषारी साप असणारच. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीत इंग्रज सरकार फुरसं मारण्याबद्दल बक्षीस देत असे, इतका त्याचा जाच होता.

पण हेच आजोबा तुमच्या कामी येतील. फुरसंही लहानखुरं, तेही तिरपं चालतं, तेही पिल्लंच घालतं. त्याच्या शेपटीला खुळखुळा नाही, म्हणून ते अंगाची वळणं एकमेकांवर घासतं आणि खवल्यांचा करवतीसारखा आवाज काढतं. दोन सापांचं नातं लांबचं; एक सोनोराच्या वाळूत, दुसरा कोकणच्या कातळावर, तरी चाल तीच. नातवाला आजोबांना विचारू द्या: तुम्ही पाहिलेलं फुरसं कसं चालत होतं? आवाज कसा करायचं? कुठे बसायचं? आजोबांना ‘मारलं कसं’ हे आधी आठवेल, तेही ऐकून घ्या. नातवाने मग परात आणि रवा आणून त्यांना रेघा काढून दाखवाव्यात.

आणि डिसेंबरच्या सुट्टीत कोकणात गेलात तर बूट, टॉर्च आणि पाच पावलांचा खेळ इथे विसरू नका. सड्यावर, दगडांच्या गडग्यापाशी, जळणाच्या ढिगाशी फुरसं असू शकतं, आणि त्याचं विष साइडवाइंडरपेक्षा खूप जहाल असतं. तिथे ९११ नाही, १०८ फिरवायचा. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पविषावरचं औषध ठेवलेलं असतं, हे गावी पोचल्याच्या दिवशी विचारून घ्या.